लीलाअक्कांचं खारं पाणी

जळगावात 'खारं पाणी' म्हणजे बोअरचं. भांडी, धुणं, फरशी, झाडं, आणि उन्हाळ्यात कुलर, या सगळ्याला खारं. प्यायला आणि डाळ शिजवायला गोडं, म्हणजे नळाचं. ही वाटणी इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या एका शब्दानं लीलाअक्कांच्या घरात एका मे महिन्यात जो हाहाकार उडवला, तो समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला समजावून सांगताना माझं तोंड दुखतं.

अक्का माझ्या घरमालकीण. बायकोची शाळा धुळ्याला, माझं पाटबंधाऱ्याचं ऑफिस जळगावला, म्हणून सात वर्षं मी त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहिलो. खाली अक्का आणि त्यांचे यजमान, नाना. नाना एसटीत ड्रायव्हर होते. जळगाव-धुळे रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांच्या ओळखीचा. अक्का एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन, तीस वर्षं. रक्त, लघवी, थुंकी, जे समोर येईल ते तपासायचं आणि खाली सही करायची. नोकरीनं लावलेलं वळण निवृत्तीनंतरही सुटलं नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख. हिंगाच्या डबीवरसुद्धा. मी एकदा त्यांच्याकडून वाटीभर साखर आणली, तर वाटीवर माझं नाव चिकटवून दिलं, आडनावासकट.

कुणी काही बातमी आणली, अमक्याचं लग्न मोडलं, तमक्याला म्हणे मोठं दुखणं निघालं, की अक्कांचं ठरलेलं वाक्य, "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." अहो, गप्पांची सगळी मजाच घालवायच्या. गल्लीतल्या बायका त्यामुळं त्यांच्याकडं फारशा बसायला येत नसत. रिपोर्ट दाखवायला मात्र सगळ्या यायच्या.

आणखी एक खूण सांगतो. अक्कांचं माहेर दोंडाईचाजवळच्या खेड्यातलं. आनंद झाला की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची, आणि राग आला की एकदम पुस्तकी मराठी, लॅबच्या कागदावर छापतात तसली. त्यामुळं जिन्यात उभं राहून खालचा आवाज ऐकला की घरात काय चाललंय ते मला बरोबर कळायचं.

साठी गाठेपर्यंत अक्कांनी समुद्र पाहिला नव्हता. दर वेळी काहीतरी आडवं आलं. साथ आली, सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली, मशीन बिघडलं. निवृत्तीनंतर दोघांनी गुहागरला जायचं पक्कं केलं, नानांना उन्हाची टोपीसुद्धा घेतली, आणि नेमक्या त्याच महिन्यात नानांच्या किडन्यांनी हात टेकले. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. प्यायला दिवसाला एक लोटा पाणी, मीठ जवळजवळ बंद. गाव सोडून चार दिवस कुठं जायची सोयच उरली नाही.

पुढं चारेक महिन्यांनी एका रविवारी मी भाड्याची पावती घ्यायला खाली गेलो, तर अक्का जमिनीवर बसून आलेखाच्या कागदावर रेघा मारत होत्या.

"काय काढताय?"

"टाकी."

"गच्चीवर बसवताय का नवी?"

"समुद्राची," त्या म्हणाल्या. "यांना समुद्राकडं जाता येत नाही. मग तो इथं आणायचा. या पलंगासमोर. प्रवाळ, मासे, सगळं जिवंत."

मी हसलो. माझा स्वभावच तसा आहे, आधी हसतो आणि मग पस्तावतो. म्हटलं, "अक्का, जळगावात? अहो मे महिन्यात इथं माणसं शिजतात, मासे काय टिकणार?"

"रिपोर्ट येऊ दे, मग बोलू."

मग सुरू झाला अभ्यास. दोनशे पानी वही, मोबाईलवर व्हिडिओ, इंग्रजी बोलणं झपाझप असलं की थांबवून थांबवून ऐकायचं. मुंबईच्या दुकानदाराला त्यांनी इतके फोन केले की तो शेवटी "मॅडम, तुम्हीच दुकान चालवा" म्हणाला. दगडी प्रवाळ घरात ठेवायला कायद्यानं बंदी, हे कळल्यावर त्यांनी मऊ जातीचं, रीतसर पावती मिळणारं प्रवाळ शोधलं. समुद्राचं मीठ पाकिटात मिळतं, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं. जेवणातल्या मिठानं भागत नाही. समुद्राच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी काय काय असतं. ते सगळं त्या रक्ताच्या रिपोर्टसारखं घडाघडा सांगायच्या.

टाकीखालचा स्टँड गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कपाटं बनवणाऱ्या शकीलभाईंनी केला. अक्कांनी वजन सांगितलं, "पाणी दोनशे लिटर, वर दगड. तीनशे किलो धरा." शकीलभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अक्का, इसमें मगर ठेवायचीय का?" तरी त्यांनी स्टँड केला, आणि त्यावर ते स्वतः, त्यांचा भाऊ आणि मी, तिघांनी उभं राहून उड्या मारल्या तेव्हाच अक्कांनी तो पास केला.

पहिल्यांदा मीठ कालवलं तो दिवस तर विसरायचाच नाही. पाण्याचा दाटपणा मोजायला अक्कांनी लॅबमधलं स्वतःचं जुनं उपकरण काढलं. छोटी दुर्बीणच म्हणा, काचेवर थेंब टाकायचा आणि उजेडाकडं बघायचं. एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि बसल्या जागी हसायलाच लागल्या.

"एक पॉइंट शून्य पंचवीस! संजू, तीस वर्षं मी हाच आकडा लिहत उनू. सकायनी पहिली लघवी!"

पलंगावरून नाना म्हणाले, "म्हणजे माझ्यासमोर नेमकं काय भरून ठेवतेयस तू?"

हसून हसून माझ्या पोटात कळ आली. नाना मात्र गंभीर चेहऱ्यानं टाकीकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मला दिवसाला एक लोटा, आणि याला दोनशे लिटर. मला मीठ बंद, आणि याला पोतंभर. नशीब लागतं."

त्यानंतर सहा आठवडे टाकीत पाणी आणि दगड, बस. माशांच्या आधी पाण्यात चांगले जंतू वाढावे लागतात, ते घाण खातात. पण गल्लीला हे कोण सांगणार? लोक मासे बघायला यायचे आणि दगड बघून चहा पिऊन जायचे. अक्का रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायच्या, ओठांतल्या ओठांत मोजत, आणि रंग बघून वहीत लिहायच्या. रंग हिरवा म्हणजे पाण्यात विष, पिवळा म्हणजे साफ. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि खालून आरोळी आली, "संजू, खाले ये! जंतू उनात रे! बठ्ठा उनात!" मी अर्ध्या दाढीनं धावलो. नळीतलं पाणी स्वच्छ पिवळं. जन्मभर जंतू शोधून काढून मारायला मदत केलेल्या बाईनं त्या दिवशी जंतू आले म्हणून गल्लीत पेढे वाटले.

मग मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे, एक जोडी, थर्माकोलच्या पेटीत मुंबईहून. आणि प्रवाळ. मला वाटलं होतं काहीतरी दगडाचं फूल असेल. छे. शर्टाच्या गुंडीएवढी हिरवी-जांभळी तोंडं, दगडाला चिकटलेली, सकाळी दिवा लागला की एकेक करून उघडणारी. तो निळसर उजेड, ते डुलणारं पाणी, आणि बाहेर आमची जळगावची फुफाट्याची दुपार. मी ऑफिसला जाताना दोन मिनिटं थांबायचो आणि वीस मिनिटं उशिरा पोचायचो. साहेबांना खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टीवरच पाठवलं असतं.

पहिला उन्हाळा अक्कांनी पंख्यांवर काढला. टाकीच्या तोंडावर दोन छोटे पंखे, त्यांच्या वाऱ्यानं पाणी उडतं आणि टाकी गार राहते. आपली कोरडी हवा इथं कामाला आली. पण पाणी उडालं तरी मीठ मागंच राहतं, म्हणून रोज चार लिटर फिल्टरचं पाणी वरून घालायचं. त्यासाठी मागच्या पडवीत दोन निळे ड्रम. एकावर चिकटपट्टी: गोडं. दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेलं साठ लिटर समुद्राचं पाणी. त्याच्यावर अक्कांच्या टपोऱ्या अक्षरात: खारं.

दुसऱ्या वर्षीचा मे. रविवार होता. सकाळी आठला ट्रान्सफॉर्मर उडाला आणि आख्ख्या भागाची लाईट गेली. अक्कांनी बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडल्या. पण पंखे बंद, आणि बाहेर ऊन असं की शकीलभाईंनी दुकानाचं शटर ओढून घेतलेलं. दुपारी दोनपर्यंत टाकी तापली. प्रवाळाची तोंडं मिटली, मासे वर येऊन श्वास घ्यायला लागले, आणि एक घाणेरडा वास सुटला. शेवाळ खायला टाकीत सोडलेली मोठी गोगलगाय दगडाच्या मागं मरून पडली होती. अक्कांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, खिडकीशी धरलं. हिरवंगार.

"परिस्थिती गंभीर आहे," अक्का म्हणाल्या. पुस्तकी मराठी. "साठ लिटर पाणी तातडीनं बदलणं आवश्यक आहे. मागच्या ड्रममध्ये तयार आहे. आण."

मी पडवीत गेलो. खाऱ्याचा ड्रम हलवला तर हातात हलका आला. रिकामा, खडखडीत.

"अक्का, यात काहीच नाही."

मग पलंगावरून नाना अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ते मी काल कुलरमध्ये घातलं."

अक्का वळल्या.

"तू स्वयंपाकघरात घामानं निथळतेस. बोअरची मोटर चालत नव्हती. ड्रमवर खारं लिहिलेलं होतं. कुलरला खारंच घालतात ना, लीला?"

मी डोळेच मिटून घेतले. एका माणसाच्या आयुष्यातली उरलेली एवढी एक चैन, तीही त्याच्याच हातून मरणार, आणि तेही बायकोला गार वारा मिळावा म्हणून. मला वाटलं आता अक्का फुटणार.

अक्कांनी विचारलं, "कुठल्या हातानं भरलंत?"

डायलिसिसची सुई नानांच्या डाव्या हातात लागायची. त्या हातानं ओझं उचलायला सक्त मनाई होती.

"उजव्या. मगानं. दम खात खात."

"चक्कर?"

"नाही आली."

"बरं," अक्का म्हणाल्या. मग ड्रमपाशी गेल्या, ती चिकटपट्टी नखानं उचकटून काढली, आणि म्हणाल्या, "लेबल अपुरं होतं. लेबल लिहिणाऱ्याची चूक. तुमची नाही." त्यांनी हे असं सरळ म्हटल्यावर नानांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

कुलरमधलं पाणी परत घेता येत नव्हतं. पत्रा जस्ताचा, आणि जस्तानं प्रवाळ मरतं. मिठाचं पाकीट घरात होतं, पण लाईट नाही तर फिल्टर बंद, आणि गोड्याच्या ड्रममध्ये जेमतेम बादलीभर उरलेलं. जारवाल्याला फोन केला. त्याच्याकडंही लाईट नव्हती, आणि भरलेले जार सगळे एका लग्नाला गेलेले. अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "संजू, घरोघरी फिल्टरचं पाणी साठवलेलं असतं. माग."

आता सांगा, दुपारी अडीच वाजता, त्या उन्हात, लोकांच्या दारात जाऊन काय म्हणायचं? मी पहिल्या दाराशी चाचरत म्हणालो, "अक्कांच्या समुद्राला पाणी पाहिजे." आणि काय सांगू, माणसं निघाली. हंडे, कळश्या, कुकर, शाळेच्या बाटल्या, कुणी फ्रिजमधल्या बाटल्या तशाच पदरात गुंडाळून. अक्का फाटकात खुर्ची टाकून बसल्या, हातात पाण्याची शुद्धता मोजायचं पेनासारखं यंत्र. प्रत्येक भांड्यात ते बुडवायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा.

"अठरा. घ्या."

"पंचवीस. घ्या."

भंगाळे काकूंनी मोठी कळशी पुढं केली. "तीनशे दहा. काकू, नको."

"नको म्हणजे? दिवाळीत नवा फिल्टर बसवलाय आम्ही!"

"बसवला असेल. चालत नाहीये. तुम्ही नळाचंच पाणी पिताय."

"काहीतरीच काय, लीलाताई."

"रिपोर्ट समोर आहे," म्हणून अक्कांनी यंत्र त्यांच्या डोळ्यांपुढं धरलं. काकूंनी तिथंच फाटकात उभं राहून फिल्टरवाल्याला फोन लावला आणि त्याचा असा काही उद्धार केला की रांगेतल्या बायका पाण्याची भांडी खाली ठेवून ऐकत राहिल्या. एका दुपारी अक्कांनी गल्लीतल्या पाच फिल्टरांचं पितळ उघडं पाडलं.

शकीलभाई रंग कालवायचं बॅटरीचं मशीन घेऊन धावत आले. अक्कांनी ते बघूनच परत केलं. मग शकीलभाईंनी कोपरापर्यंत हात तीन वेळा धुतले आणि अक्कांच्या ताक घुसळायच्या लाकडी रवीनं ड्रममध्ये मीठ घुसळायला बसले. घामाचा थेंब आत पडू नये म्हणून मी त्यांच्या कपाळाला टॉवेल लावून उभा. तासभर. अक्का मधून मधून थेंब घ्यायच्या आणि "अजून" म्हणायच्या. शेवटी म्हणाल्या, "बास." आम्ही जुनं पाणी उपसलं, नवं हळूहळू सोडलं. पाच वाजता लाईट आली, पंखे फिरले. प्रवाळ मिटलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही. अक्का टाकीसमोर पाटावर बसलेल्या. नाना उशीला टेकून, डोळे लावून. आठ वाजले, नऊ वाजले. नाना दोनदा म्हणाले, "मी हात लावायलाच नको होता," आणि दोन्ही वेळा अक्का म्हणाल्या, "रिपोर्ट येऊ द्या." दहाच्या सुमाराला डाव्या कोपऱ्यातली एक गुंडी किंचित हलली. तिच्या कडेनं बारीक हिरवी झालर बाहेर आली.

"उघडनं," अक्का कुजबुजल्या. मग घरभर ऐकू जाईल असं, "संजू, एक उघडनं रे! नाना, हाई देखा!" दुपारपर्यंत निम्मी तोंडं उघडली होती. नाना रडत होते आणि हसत होते. अक्कांनी ड्रमवर नवीन चिकटपट्टी लावली: समुद्राचं. कुलरला घालू नये.

त्याच वर्षी माझी धुळ्याला बदली झाली, आणि पावसाळा संपता संपता नाना गेले. मी तेराव्याला जळगावला आलो. पाहुणे पांगल्यावर अक्का टाकीपाशी बसल्या होत्या. दिवा चालू, मासे चालू, प्रवाळ आता दोन दगडांवर पसरलेलं. म्हणाल्या, "जायच्या आठ दिवस आधी नाना मला काय म्हणाले माहितीय? म्हणे, 'लीला, मले कुठं समुद्र पाहाचा होता? समुद्र तुले पाहाचा होता.'"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"मी म्हटलं, मग दोन वर्षं गप का बसलात? तर म्हणे, 'तू रोज सकाळी त्या काचेपाशी हसायची. मी ते पाहत जाऊ.'" एवढं सांगून अक्का रडल्या. सात वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरलं नाही.

मग मीच म्हटलं, "अक्का, आता जाऊन या ना समुद्रावर."

"आणि इथलं पाणी कोण भरेल?"

ऐका. बाई पुन्हा तिथंच. साथ, मशीन, नाना, आणि आता टाकी. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, "मी भरीन. रजा टाकतो. तुम्ही जाणार, आता मी ऐकणार नाही." अक्का वही ओढून सूचना लिहायला बसल्या, त्या नऊ पानं झाल्या.

डिसेंबरात लॅबमधल्या जुन्या मैत्रिणींबरोबर त्या गुहागरला निघाल्या. मी जळगावच्या घरात एकटा, टाकी आणि ती नऊ पानं. गाडीतून पहिल्या दिवशी त्यांचे पाच फोन. पाणी भरलंस? तापमान किती? मासे खातात का? दुसऱ्या दिवशी रस्त्यातून चार. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला व्हिडिओचा फोन आला. मी आकडे लिहिलेला कागद घेऊन तयारच होतो. मोबाईल मैत्रिणीच्या, मंगलाताईंच्या हातात होता. समोर नुसतं पाणी आणि आभाळ, आणि अक्का पाठमोऱ्या, साडी वर खोचलेली, चपला एका हातात.

"तापमान पंचवीस आहे म्हणावं," मी म्हणालो. "मासे खातायत. सगळं उघडलंय."

"अक्का!" मंगलाताईंनी हाक मारली. "संजूचा फोन आहे!"

अक्का वळल्या नाहीत. लाट आली, त्यांच्या घोट्यांवरून गेली, आणि त्या आणखी दोन पावलं पुढं गेल्या. मंगलाताईंनी पुन्हा हाक मारली. मग मला म्हणाल्या, "अहो, त्यांना ऐकूच येत नाहीये. जाऊन हातात देऊ का मोबाईल?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या त्यांना तिथंच."